पेसमेकर बसवल्यानंतर पुन्हा खेळता येते का?

पेसमेकर बसवावा लागेल असे कळले की रुग्ण आणि घरचे लोक दोघेही घाबरतात, पण दोघांची भीती वेगवेगळी असते. रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा, पोहणारा किंवा रविवारी गड चढणारा रुग्ण विचारतो, "आता माझे खेळणे संपले का?" घरच्यांचा प्रश्न असतो, "यांना जिना तरी चढू द्यायचा का?"

दवाखान्यात मला दोन्ही टोकांचे रुग्ण भेटतात. काही जण पेसमेकर बसवल्यावर वर्षभर हात खांद्याच्या वर नेत नाहीत, चालणेही सोडतात. त्यामुळे त्यांचा खांदा आखडतो, वजन वाढते, साखर आणि रक्तदाब बिघडतो. काही जण तिसऱ्याच आठवड्यात जिममध्ये जाऊन वजने उचलतात आणि आत बसवलेली तार जागेवरून सरकते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी थोडी माहिती आणि थोडा धीर हवा.

थोडक्यात सांगायचे तर

- पेसमेकर बसवलेल्या बहुतेक लोकांना व्यायाम करता येतो आणि करायलाच हवा. अनेकांना त्यांचा आवडता खेळही पुन्हा खेळता येतो.
- पहिले ४ ते ६ आठवडे महत्त्वाचे असतात. या काळात तारा हृदयात पक्क्या होत असतात.
- खेळायचे की नाही हे पेसमेकरपेक्षा तुमच्या हृदयाच्या मूळ आजारावर जास्त अवलंबून असते.
- छातीवर जोरात मार बसू शकेल असे खेळ, उदाहरणार्थ कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग, शक्यतो टाळावेत.
- खेळताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल तर खेळ सोडण्यापूर्वी पेसमेकरची सेटिंग तपासून घ्या.

पेसमेकर म्हणजे काय?

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा समूह असतो. तिथे विजेचा अगदी सूक्ष्म संकेत तयार होतो. हा संकेत वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यांकडे जातो आणि हृदयाचा एक ठोका पडतो. संकेत पुरेशा वेगाने तयार झाला नाही किंवा वाटेत अडला तर ठोके कमी पडतात. मेंदूला रक्त कमी मिळते. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी माणूस शुद्ध हरपून पडतो.

पेसमेकर या संकेताची उणीव भरून काढतो. साधारण २० ते ३० ग्रॅम वजनाची धातूची एक चपटी डबी असते. तिच्यात बॅटरी आणि छोटा संगणक असतो. डबीतून एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयात जातात. ठोका वेळेवर पडला तर पेसमेकर गप्प बसतो. नाही पडला तर तो हलका विद्युत संकेत देतो. हा संकेत इतका सौम्य असतो की बहुतेक रुग्णांना तो जाणवतही नाही.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पहिले यंत्र काही तासच चालले. पुढे त्यांना वेळोवेळी नवी यंत्रे बसवण्यात आली आणि ते २००१ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षांपर्यंत जगले. त्यांचा मृत्यू कर्करोगाने झाला. आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे टिकते. वापर किती आहे त्यावर हा काळ कमी-जास्त होतो.

पेसमेकर काय करत नाही, हेही समजून घ्या

पेसमेकर हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे दूर करत नाही. त्यामुळे तो हार्ट अटॅक थांबवत नाही. स्टेंट वेगळा, पेसमेकर वेगळा. पेसमेकर आहे म्हणून रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका.

पेसमेकर आणि आयसीडी यांतही गोंधळ होतो. दोन्ही यंत्रे छातीवर त्वचेखालीच बसवतात. पेसमेकर मंद हृदयाला गती देतो. आयसीडी हृदयाची जीवघेणी जलद लय ओळखून ती मोडण्यासाठी शॉक देतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याला बसवलेले यंत्र पेसमेकर नसून आयसीडी होते. इटलीच्या लीगमध्ये ते यंत्र घेऊन खेळायची परवानगी नव्हती, म्हणून २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये खेळू लागला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला. आयसीडी असलेल्यांचे खेळाचे नियम वेगळे असतात. हा लेख पेसमेकरबद्दल आहे. तुमच्याकडे नेमके कोणते यंत्र आहे हे पेसमेकरच्या कार्डावर पाहा.

पेसमेकर कोणाला लागतो?

मुख्य कारणे दोन. पहिले, संकेत तयार करणारी जागा थकणे. याला सिक सायनस सिंड्रोम म्हणतात. दुसरे, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा संकेत अडणे. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या अडथळ्यालाही लोक 'ब्लॉक' किंवा 'ब्लॉकेज' म्हणतात. हार्ट ब्लॉक हा तो नव्हे. हा विजेच्या वाटेतला अडथळा असतो.

पेसमेकरचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टर दुरुस्त होण्याजोगी कारणे तपासतात. थायरॉइडची कमतरता, रक्तातले पोटॅशियम वाढणे किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या यांमुळेही ठोके मंदावतात.

खेळाडूंसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अनेक वर्षे लांब पल्ल्याचे धावणे, सायकलिंग किंवा पोहणे करणाऱ्या माणसाची विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ४० ते ५० असू शकते. त्याला चक्कर येत नसेल, व्यायाम करताना ठोके नीट वाढत असतील आणि ईसीजीत गंभीर ब्लॉक नसेल, तर ही नाडी बहुधा तयारीची खूण असते, आजाराची नाही. केवळ घड्याळावर दिसणाऱ्या आकड्यावरून पेसमेकर बसवत नाहीत. लक्षणे, ईसीजी, २४ तासांची किंवा त्याहून जास्त काळाची होल्टर तपासणी आणि गरजेप्रमाणे ट्रेडमिल टेस्ट यांवरून निर्णय होतो.

पेसमेकर बसवण्यापूर्वी तुमचा खेळ डॉक्टरांना सांगा

ही गोष्ट बहुतेक रुग्ण सांगायला विसरतात. नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण यंत्र बसलेले असते. ऑपरेशनपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना पुढील माहिती द्या.

- तुम्ही कोणता खेळ खेळता, आठवड्यातून किती वेळा, किती जोर लावून.
- कोणत्या हाताने खेळता. पेसमेकर साधारणपणे डाव्या बाजूला बसवतात. डावखुऱ्या बॅडमिंटनपटूला किंवा डाव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याला उजवी बाजू सोयीची ठरू शकते. रायफल नेमबाज बंदुकीचा दस्ता ज्या खांद्याला टेकवतो ती बाजू टाळलेली बरी.
- पाठीवर जड सॅक घेऊन ट्रेकिंग करता का, खांद्यावर ओझे वाहण्याचे काम आहे का.
- व्यायाम करताना तुमचे ठोके पूर्वी कुठवर जात असत. स्पोर्ट्स वॉचमधली जुनी नोंद असेल तर ती दाखवा.

काही रुग्णांसाठी तारेविना पेसमेकरचा पर्याय असतो. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे हे यंत्र जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. छातीवर डबी नाही, खांद्याजवळून जाणारी तारही नाही. पण तो प्रत्येकाला चालत नाही आणि महागही असतो. तुमच्या आजाराला तो योग्य आहे का, हे विचारायला हरकत नाही.

ऑपरेशन कसे होते?

छाती उघडावी लागत नाही. बहुतेक वेळा फक्त तेवढ्या जागेला भूल देतात आणि सोबत थोडे गुंगीचे औषध. कॉलरबोनच्या खाली साधारण ४ ते ५ सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथल्या शिरेतून तारा आत सरकवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, त्यांची टोके हृदयाच्या आतल्या भिंतीत बसवतात. मग त्वचेखाली छोटा कप्पा करून डबी ठेवतात आणि टाके घालतात. साधारण एक ते दोन तास लागतात. एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

हे ऑपरेशन सुरक्षित मानले जाते, तरी काही त्रास होऊ शकतात. जखमेत रक्त साठणे, जंतुसंसर्ग, फुप्फुसाभोवती हवा जमणे आणि तार जागेवरून सरकणे हे त्यांतले मुख्य. तार सरकण्याचा धोका सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. पुढची सगळी बंधने त्यासाठीच आहेत.

पहिले सहा आठवडे

तारेच्या टोकाभोवती हळूहळू नवी पेशीजाळी तयार होते आणि तार घट्ट धरली जाते. तोपर्यंत हाताच्या मोठ्या झटक्याने ती ओढली जाऊ शकते. खालचे वेळापत्रक साधारण आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐका.

पहिला आठवडा: घरात आणि घराजवळ चाला. जखम कोरडी ठेवा. पेसमेकरच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका. त्या हाताने पाण्याची बादली, सिलिंडर किंवा बाजाराची पिशवी उचलू नका.

दुसरा ते चौथा आठवडा: चालणे वाढवत २० ते ३० मिनिटांवर न्या. डॉक्टरांनी परवानगी दिली तर जागेवरची सायकल चालवा, पण हँडलवर शरीराचा भार टाकू नका. जखमेवर तेल चोळणे, मालिश करणे टाळा. दिवाळीच्या अभ्यंगालाही त्या जागेवर हात चालवू नका.

चौथा ते सहावा आठवडा: जखम भरली असेल तर हाताची हालचाल हळूहळू वाढवा. या सुमारास पेसमेकरची तपासणी होते. तारा जागेवर आहेत आणि संकेत नीट पोहोचतो आहे असे दिसले की पुढची परवानगी मिळते.

सहा आठवड्यांनंतर: धावणे, सायकलिंग, हलके बॅडमिंटन, टेबल टेनिस, योगासने टप्प्याटप्प्याने सुरू करता येतात. ज्यांत हात डोक्यावरून जोरात फिरतो, म्हणजे पोहणे, वेगवान गोलंदाजी, टेनिसची सर्व्हिस, जिममध्ये डोक्यावर वजन उचलणे, त्यांसाठी काही डॉक्टर तीन महिने थांबायला सांगतात.

हात अजिबात न हलवणे हीसुद्धा चूकच आहे. खांद्याच्या खालच्या हालचाली पहिल्या दिवसापासून करायच्या असतात. जेवणे, शर्टाची बटणे लावणे, कोपर वाकवणे, हात हलकेच पुढे-मागे झुलवणे यांत धोका नाही. हात पोटाशी बांधून ठेवला तर खांदा आखडतो आणि तो मोकळा व्हायला अनेक महिने लागतात.

पुन्हा खेळायचे का, हे तीन गोष्टींवरून ठरते

१. हृदयाचा मूळ आजार. इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता चांगली आहे, झडपा ठीक आहेत, रक्तवाहिन्यांत अडथळे नाहीत आणि फक्त विजेच्या वाटेत बिघाड होता, अशा माणसाला बहुतेक खेळांची परवानगी मिळते. हृदय कमजोर असेल, स्नायू जाड झाले असतील किंवा पूर्वी हार्ट अटॅक आलेला असेल तर त्या आजाराचे नियम लागू होतात, मग पेसमेकर कितीही उत्तम चालत असो.

२. तुम्ही पेसमेकरवर किती अवलंबून आहात. काहींचे हृदय बहुतेक वेळ स्वतःच चालते आणि पेसमेकर अधूनमधून मदत करतो. काहींच्या हृदयाचा स्वतःचा ठोका जवळजवळ नसतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची तार मार लागून तुटली तर तो लगेच बेशुद्ध पडू शकतो. तपासणीच्या वेळी "मी पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहे का?" हा प्रश्न जरूर विचारा.

३. खेळाचा प्रकार. छातीवर मार बसण्याचा, पडण्याचा आणि खांद्यावर सतत ताण येण्याचा धोका किती, हे पाहायचे.

कोणता खेळ चालेल?

सहसा चालणारे: चालणे, धावणे, सायकलिंग, टेबल टेनिस, गोल्फ, कॅरम, नृत्य, बहुतेक योगासने. वारीत किंवा लांबच्या पदयात्रेला जाणाऱ्यांनाही, हृदय चांगले असेल तर, सराव वाढवत नेऊन जाता येते.

काळजी घेऊन चालणारे:

- पोहणे: जखम पूर्ण भरल्यावर आणि परवानगी मिळाल्यावरच. एकट्याने पोहू नका. पूर्वी चक्कर येऊन पडला असाल तर विहीर, नदी, समुद्र टाळून जीवरक्षक असलेला तलाव निवडा. खोल पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगसाठी यंत्र किती दाब सोसते हे कंपनीच्या माहितीवरून पाहावे लागते.
- बॅडमिंटन, टेनिस, व्हॉलीबॉल: स्मॅशमध्ये खांदा वारंवार जोरात फिरतो. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये तार चिमटली जाऊन काही वर्षांनी खराब होऊ शकते. यंत्र खेळाच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असेल तर ही काळजी बरीच कमी होते.
- क्रिकेट: टेनिस बॉलने मित्रांत खेळणे आणि सीझन बॉलने सामने खेळणे यांत फरक आहे. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्याची डावी बाजू गोलंदाजाकडे असते आणि पेसमेकरही बहुधा डाव्याच बाजूला असतो. सीझन बॉल खेळायचाच असेल तर चेस्ट गार्ड वापरा. शॉर्ट लेग किंवा सिली पॉइंटला उभे राहू नका.
- फुटबॉल, बास्केटबॉल, खो-खो: धक्का लागतो, सूर मारावा लागतो. हौशी पातळीवर छातीला संरक्षक पॅड लावून काहींना परवानगी मिळते. पेसमेकरवर पूर्ण अवलंबून असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खेळू नये.
- ट्रेकिंग: सॅकचा पट्टा नेमका डबीवर येतो. पट्ट्याखाली मऊ पॅड लावा, वजन कमरेच्या पट्ट्यावर घ्या किंवा सॅक हलकी ठेवा. सह्याद्रीत अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि बरोबरच्यांना पेसमेकरबद्दल सांगून ठेवा.
- जिम: पाय, पोट, पाठ यांचे व्यायाम लवकर सुरू होतात. बेंच प्रेस, पुल-अप, डोक्यावर वजन उचलणे सर्वांत शेवटी, कमी वजनापासून. श्वास रोखून वजन उचलू नका.
- सूर्यनमस्कार: दोन्ही हातांवर भार येणारी स्थिती सहा आठवड्यांनंतर, सुरुवातीला भिंतीचा किंवा टेबलाचा आधार घेऊन. शीर्षासन, मयूरासन, हातांवर उभे राहणे यांची घाई नको.

शक्यतो टाळावेत असे: कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग, कराटे-ज्युदोच्या लढती, रग्बी. यांत छातीवर थेट आघात होतो. पेसमेकरवर पूर्ण अवलंबून असणाऱ्यांनी हे खेळ खेळूच नयेत. कुस्तीत वाढलेल्या माणसाला हे ऐकणे जड जाते, हे मला माहीत आहे. पण तालमीत जाणे बंद करावे लागत नाही. मुलांना शिकवता येते, पंचाचे काम करता येते, लढत सोडून बाकीचा व्यायाम बेताने करता येतो.

खेळताना लवकर दम लागतो? सेटिंग तपासा

"पेसमेकर बसवला, चक्कर थांबली, पण पळताना पाय जड होतात." ही तक्रार वय झाले म्हणून सोडून देऊ नका. पेसमेकर नवीन बसवतो तेव्हा त्याची सेटिंग सर्वसाधारण माणसासाठी असते, खेळाडूसाठी नसते. दोन गोष्टी नेहमी आढळतात.

पहिली, सेन्सरची. ज्यांचे ठोके व्यायामातही वाढत नाहीत, त्यांच्या पेसमेकरमध्ये हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर चालू करतात. अनेक यंत्रांत हा सेन्सर शरीराच्या वरच्या भागाचे हलणे मोजतो. चालताना, धावताना तो चांगले काम करतो. सायकलवर मात्र पाय फिरतात आणि छाती स्थिर असते. त्यामुळे सेन्सरला वाटते माणूस बसला आहे, आणि ठोके पुरेसे वाढत नाहीत. काही यंत्रे श्वासाचा वेग आणि खोली मोजतात. ती सायकलस्वाराला जास्त उपयोगी पडू शकतात. सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा हे बदलता येते.

दुसरी, वरच्या मर्यादेची. हार्ट ब्लॉकच्या रुग्णात वरचा कप्पा स्वतःच्या गतीने चालतो आणि पेसमेकर त्याचा संकेत खालच्या कप्प्याला पोहोचवतो. पण त्यासाठी एक कमाल वेग ठरवलेला असतो, बऱ्याचदा मिनिटाला १२० ते १३०. चाळिशीतला धावपटू जोर लावतो तेव्हा त्याचा वरचा कप्पा १५० ने चालतो. मर्यादा ओलांडली की पेसमेकर काही संकेत सोडून देतो. ठोके एकाएकी घटतात आणि माणसाला धावता धावता गळून गेल्यासारखे होते. योग्य रुग्णात ही मर्यादा वाढवता येते.

दोन्हींसाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. छातीवर यंत्राचे वाचक ठेवून संगणकावरून सेटिंग बदलतात. ट्रेडमिलवर किंवा सायकलवर व्यायाम करत असताना ठोके पाहून ती बदलली तर जास्त नेमकी होते. तपासणीला जाताना कोणत्या खेळात, किती मिनिटांनी, काय होते हे लिहून न्या.

व्यायामाचा जोर कसा ओळखायचा?

२२० मधून वय वजा करून कमाल ठोके काढण्याचा हिशेब पेसमेकर असलेल्यांना नीट लागू पडत नाही, कारण ठोके काही अंशी यंत्र ठरवते. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरा. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पण गाणे म्हणता आले नाही, तर जोर मध्यम आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. हृदयाची परवानगी असेल तर पेसमेकरवाल्यांनीही तेच लक्ष्य ठेवावे. सुरुवातीला १० मिनिटे अंग गरम करणे आणि शेवटी हळूहळू थांबणे चुकवू नका.

फिजिओथेरपी, फोन आणि जिममधली यंत्रे

खेळणाऱ्या माणसाला कधी ना कधी गुडघा किंवा कंबर दुखते आणि तो फिजिओथेरपिस्टकडे जातो. तिथे पहिल्यांदा पेसमेकरबद्दल सांगा. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक घ्यायचा नाही. टेन्ससारखे विजेचे झटके देणारे मशीन हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावायचे नाही. व्यायाम, गरम पाण्याची पिशवी, बर्फ चालतो.

मोबाइल पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका आणि विरुद्ध कानाला लावा. काही फोनमध्ये, इअरफोनच्या डबीत आणि घड्याळाच्या पट्ट्यांत चुंबक असतात, त्यांनाही हाच नियम. अंगातली चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यातून शरीरात बारीक वीज सोडली जाते. जिममधला तो काटा वापरू नका. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह नेहमीसारखे वापरा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट दूर उभे राहा.

ही लक्षणे दिसली तर थांबा

खेळताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणे किंवा नेहमीपेक्षा खूप जास्त धाप लागली तर लगेच थांबा, बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली किंवा छातीतले दुखणे थांबत नसेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

याशिवाय पुढील गोष्टींसाठीही लवकर जा:

- जखम लाल होणे, सुजणे, पू येणे किंवा ताप
- त्या बाजूचा हात सुजणे
- सतत उचकी लागणे किंवा पोटाचा, छातीचा स्नायू तालात उडणे
- डबी जागेवरून हलल्यासारखी, फिरल्यासारखी वाटणे
- छातीवर किंवा खांद्यावर जोराचा मार बसणे, नंतर बरे वाटत असले तरी

घरच्यांसाठी

तुमची काळजी समजते. पण "बसून राहा, मी आणून देते" या प्रेमाने हृदय मजबूत होत नाही. पहिले सहा आठवडे जड कामे तुम्ही करा. त्यानंतर त्यांच्याबरोबर फिरायला जा.

एक भीती अनेकांच्या मनात असते: पेसमेकर असलेल्या माणसाला छाती दाबून जीवनदान देता येते का? देता येते आणि द्यायलाच हवे. माणूस बेशुद्ध असेल, श्वास घेत नसेल तर पेसमेकरचा विचार करत थांबू नका. शॉक देणारे एईडी मशीन असेल तर त्याचा पॅड डबीवर न चिकटवता थोडा बाजूला चिकटवा. मदत करणाऱ्याला पेसमेकरमुळे धोका नसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्यायामाने बॅटरी लवकर संपते का?
व्यायाम सोडण्याइतका फरक पडत नाही. बॅटरी अचानक बंद पडत नाही. ती संपत आल्याचे तपासणीत काही महिने आधी कळते आणि मग डबी बदलतात. तारा ठीक असतील तर त्याच ठेवतात.

एमआरआय करता येतो का?
आजचे बरेच पेसमेकर आणि तारा एमआरआयला चालणारे असतात, पण आधी यंत्राची सेटिंग बदलावी लागते. खेळात दुखापत होऊन एमआरआय सांगितला तर कार्ड दाखवल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नका.

दुसऱ्या शहरात स्पर्धेला जाता येते का?
हो. कार्ड जवळ ठेवा. विमानतळाच्या धातुशोधक दारातून न थांबता चालत जा. हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नये असे सुरक्षा कर्मचाऱ्याला सांगा.

तपासणी किती वेळा करायची?
पहिली तपासणी साधारण ४ ते १२ आठवड्यांत. त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तशी. त्रास नसला तरी चुकवू नका. खांद्याचा खेळ खेळत असाल तर ते तपासणाऱ्याला सांगा, म्हणजे तारेची स्थिती बारकाईने पाहता येते.

पुढच्या भेटीत हे पाच प्रश्न विचारा

१. माझे हृदय पेसमेकर सोडून बाकी निरोगी आहे का?
२. मी पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहे का?
३. माझ्या खेळासाठी यंत्राची वरची मर्यादा आणि सेन्सर योग्य आहेत का?
४. खांद्याच्या वर हात नेणे आणि वजन उचलणे कोणत्या तारखेपासून?
५. माझ्या खेळात नेमकी कोणती गोष्ट टाळायची?

उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि घरच्यांनाही वाचायला द्या. त्यामुळे घरातला रोजचा वाद बराच कमी होतो. रॅकेट किंवा बूट कपाटात कायमचे बंद करण्यापूर्वी ही उत्तरे हातात असायला हवीत.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या हृदयाचा अहवाल पाहिलेल्या डॉक्टरांचा सल्ला यापेक्षा महत्त्वाचा.